वाफ्यातलं पाणी

वाफे भरलेले होते. आठच्या आठ, काठोकाठ. फळ्यांच्या चढणीवरून वर आलो आणि तिथेच थबकलो. सायकल दाबत आल्यामुळे छाती धपापत होती, हातात रिकामी बादली होती, आणि समोर माझ्या स्लॅबवर, अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये, संध्याकाळचं ऊन पाण्यात पसरलं होतं. हे पाणी मी घातलेलं नव्हतं. सकाळी सहाला घातलेलं पाणी त्या उन्हात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे मी आदल्या दोन दिवसांत बघितलं होतं. संध्याकाळी यावं तर बांध पांढरेफटक पडलेले आणि तळाशी ओलीची नुसती खूण. खाली उतरून ड्रम तपासले. पाणी भरून झालं की ड्रममधल्या पातळीला मी खिळ्यानं ओरखडा काढून जायचो. तिन्ही ड्रममध्ये पाणी ओरखड्याला टेकलेलं, बोटभरही हललेलं नाही. म्हणजे माझ्या पाण्याला हात न लावता, कुणीतरी बाहेरून पाणी आणून, फळ्या चढून, माझ्या स्लॅबवर ओतलं होतं. सिमेंटची गोणी गेली असती, सळई गेली असती, तर पुढे काय करायचं ते मला पाठ होतं. ह्याचं काय करायचं? बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसून राहिलो.

माझं नाव धर्मराज. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत गेटवरच्या स्टोअरला चेकर. येणारा माल मोजायचा, झाकण उघडून वास घ्यायचा, चिठ्ठीवर लिहिलंय तेच आणि तेवढंच आलंय का बघायचं, आणि मगच सही. तेव्हा एकोणीस वर्षं हेच करत होतो. कंपनीतली पोरं मागून मला शंकेखोर म्हणतात हे मला माहीत आहे. तेही मी दोघातिघांकडून खात्री करून घेतलंय. घराचा नकाशा मी बारा वर्षं काढत होतो, कंपनीच्या रद्दी फॉर्मांच्या पाठीवर. खिडकी पूर्वेला घेतली तर दिवसा दिवा लागणार नाही. मोरी आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून, म्हणजे पाइप एकच. समोरच्या भिंतीत बाबासाहेबांच्या फोटोसाठी दोन बाय दीड फुटांचा कोनाडा, त्याच्या विटा आधीच वजा केलेल्या. उल्हासनगरात, कॅम्प नंबर तीनला, एक जुनी बराक पाडली तेव्हा तिचे सागवानी दरवाजे मी मिळेल त्या भावात उचलले. घराचा पत्ता नाही आणि दरवाजे आलेले. तीन वर्षं ते आमच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते आणि आई त्यांना टेकून बसायची. येणारा-जाणारा विचारायचा, हे कुठले दरवाजे? सुनेत्रा, माझी बायको, म्हणायची, "आमच्या बंगल्याचे. बंगला मागून येतोय." ती दिवसभर जीन्सचे धागे तोडायची, कारखान्यातून गठ्ठे यायचे, तिच्या बोटांची टोकं निळी झालेली असायची आणि ती निळाई आंघोळीनंही जात नसे. पंखा घेतला नाही. सिनेमा नाही. भिशी, सोसायटीचं कर्ज, फंडातली उचल, सगळं एका जागी येऊन त्या आठ वाफ्यांखाली गोठलं होतं. स्लॅबच्या चारही कोपऱ्यांत सळ्या दोन-दोन फूट वर सोडलेल्या, वरच्या मजल्यासाठी. वरचा मजला पंच्याण्णव सालात. तेही ठरलेलं.

आनंदा गवंडी आपल्यातलाच, जयभीम घालून थापी उचलणारा, म्हणून त्याच्यावर मी जरा जास्तच लक्ष ठेवून होतो. रविवारी स्लॅब पडला. सोमवारी त्यानं सिमेंटचे छोटे बांध घालून स्लॅबचे आठ वाफे केले, आतल्या पाण्यात हात बुडवला आणि म्हणाला, "भाऊ, एकवीस दिवस पाणी. त्यातले पहिले दहा म्हणजे बाळंतिणीचे समजा, हयगय नको. दुपारी कोरडं पडलं तर सगळं मुसळ केरात. मी दुसऱ्या साइटवर चाललो, तुम्ही एक माणूस ठेवा. पंधरा रुपये रोज." मी मान हलवली. माणूस ठेवला की तो सावलीला झावळ्या बांधतो, झावळ्या बांधल्या की चूल मांडतो, चूल मांडली की गावाहून बायको येते, आणि मग आपण आपल्याच घरात जायला त्याला विचारायचं. नाव घेऊ नका. सकाळी पाचला सायकल काढायची, बदलापूरला पाणी घालायचं, मागे फिरून आठला कंपनीचं गेट, साडेचारला सुटून पुन्हा बदलापूर. एकवीस दिवस माणूस काहीही करू शकतो. मधल्या दुपारचं काय, हा प्रश्न मी आनंदाला विचारला नाही आणि स्वतःलाही विचारला नाही.

त्या संध्याकाळी मी त्या पाण्यात बोट बुडवलं आणि नाकाशी धरलं. आमच्या भागात पाणी म्हटलं की आधी वास घ्यावा लागतो. कंपन्यांचा नाला लांब नव्हता. त्यातलं पाणी एखाद्यानं उचलून आणून ओतलं तर? सळईला आतून गंज धरला असता, वरून काही दिसलं नसतं, आणि दहा वर्षांनी स्लॅब पोपडे टाकायला लागला असता. असं कोण करेल? का करेल? त्याचं उत्तर नव्हतं, पण उत्तर नाही म्हणून शंका जात नसते. वास नव्हता. जिभेला लावलं. गोड होतं, विहिरीचं. तरी दुसऱ्या दिवशी लॅबमधून लिटमसच्या चार पट्ट्या मागून घेतल्या, आणि गुरुवारी संध्याकाळी पुन्हा वाफे भरलेले बघून पट्टी बुडवली. रंग बदलला नाही. चांगलं, स्वच्छ पाणी. माझ्या ड्रममधल्या टँकरच्या पाण्यापेक्षा चांगलं. माझी शंका उलट वाढली. खराब पाणी असतं तर निदान कारण कळलं असतं. रस्त्यापलीकडून जांभूळच्या पाणीकेंद्राचा मोठा पाइप जात होता, त्याच्यातलं पाणी कंपन्यांना. आजूबाजूच्या घरांना थेंब नाही. अशा ठिकाणी चाळीस-पन्नास हंडे चांगलं पाणी कुणी दुसऱ्याच्या सिमेंटवर ओततं? फुकट?

मग साठेखत आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते कधी विसरलोच नव्हतो. जमीन हरिचंद्रची. त्याच्या बापाच्या भाताच्या शेताचे त्यानं तुकडे पाडून विकले, त्यातला दोन गुंठ्यांचा एक माझा. सातबारावर हरिचंद्र आणि त्याची आई सखू, दोघांची नावं. कागदावर हरिचंद्रची सही होती, साक्षीदारांच्या होत्या, शिक्का होता, आणि सखूच्या नावापुढे जागा कोरी होती. "आयचा अंगठा देऊ ना मागून, ती कुठं पळतेय?" हरिचंद्र म्हणाला होता, आणि मी, झाकण उघडून वास घेतल्याशिवाय सही न करणारा मी, भाव वाढतोय या भीतीनं पैसे मोजून मोकळा झालो होतो. दोन वर्षं तो कोरा चौकोन माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. माझ्या बापाचं, रामभाऊचं, असंच झालं. तो गाव सोडून उल्हासनगरला आला, पाच वर्षं हमाली करून बराकीतली एक खोली घेतली. कागदावर सगळं होतं, फक्त विकणाऱ्याच्या भावाची सही नव्हती. भाऊ एक दिवस आला. आमची भांडी बाहेर आली, मी सात वर्षांचा होतो, पातेल्यात डाळ तशीच होती. बाप कागद दाखवत राहिला आणि तो भाऊ शांतपणे म्हणत राहिला, "इस में मेरा साइन किधर है?" आजही कुणी मला कागद दाखवला की मी आधी खाली बघतो, कुणाची सही नाही ते.

तर आता हे पाणी. माझ्या डोक्यात उजेड पडला तो गुरुवारी संध्याकाळी, परतीच्या रस्त्यावर, सायकलची चेन निसटली ती बसवताना. ताबा! उद्या हरिचंद्रकडचे कोर्टात उभे राहून सांगतील, जागा आम्ही सोडलीच नव्हती. बघा, घराला पाणीसुद्धा आम्हीच मारलं, गाव साक्षीला आहे. मी दिवसभर तिथं नसतो हे सगळ्यांना दिसतं. दुपारी माझ्या स्लॅबवर कोण वावरतं, हे विचारलं तर दहा जण हरिचंद्रच्या घराकडे बोट दाखवतील. काय डोकं लावलंय! मला खरं तर कौतुकच वाटलं. इतके दिवस पायाखाली काय हलतंय ते दिसत नव्हतं, आता दिसलं, आणि दिसल्यावर मला बरं वाटलं हे कबूल केलं पाहिजे.

घरी आल्यावर सांगितलं. आई दरवाज्यांना टेकून बसली होती. दरवाजे नेऊन बसवायचे होते, पण तिला त्यांची सवय झाली होती. सुनेत्रा धागे तोडत होती. ती ऐकून हसायलाच लागली. "अहो, कुणी पाणी घालतंय तर घालू द्या की. तुमचा टँकर वाचतोय. तुम्ही म्हणजे ना, स्वतःच्या सावलीकडूनसुद्धा पावती मागाल." मी म्हटलं, हसू नको, अंगठा राहिलाय. ती म्हणाली, "मग जा आणि घ्या अंगठा. म्हातारीला विचारलंय का कधी?" आई मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "पाणी कुणाच्या विहिरीचं?" त्यांच्याच, म्हटलं. आगरी लोक, गावातले जुने. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "आणि आपण कोण ते त्यांना माहीत आहे?" माहीत असणार. स्लॅबच्या दिवशी आम्ही वंदना घेतली, खीर वाटली, निळा झेंडा लावला. "आणि फुकट घालतात?" फुकट. आईनं पदर सोडून दिला. मग म्हणाली, "बघ बाबा. आमच्या वेळेला तर कुणी असं घातलं नाही."

आमच्या वेळेला म्हणजे गावाला. तिकडे आई घागर घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर बसायची. कुणाची मर्जी झाली तर तो वरून ओतायचा, नाही झाली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायचं. हे तिनं मला दोनदाच सांगितलं, आणि दोन्ही वेळा घागरीबद्दल जास्त सांगितलं, तिला पोचा कुठे होता वगैरे. बाप काहीच सांगायचा नाही. पण बापाच्या हातांनी ते ठेवून घेतलं होतं. उल्हासनगरला येऊन वीस वर्षं झाली, नळ सगळ्यांचा एक, रांगेत शिव्या सगळ्यांना सारख्या. तरी कुणाच्या दारात पाणी मागितलं की बाप वाकून ओंजळ करायचा. घरमालकाची बायको सिंधी, तिला कळायचंच नाही, ती हसायची. "अरे रामभाऊ, गिलास पकड़ो ना!" मला त्या ओंजळीची भयंकर चीड यायची. मी कॉलेजात एक वर्ष गेलो होतो, मला भाषणं पाठ होती. मी म्हणायचो, बाबा, हात खाली करा, इथे कोण विचारतंय? तो हात खाली करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी ठरवलं होतं, माझे हात असे कधी होणार नाहीत. माझं सगळं लेखी असेल, सहीनिशी, आणि पाणी माझ्या स्वतःच्या नळाला येईल.

शुक्रवारी अर्धी रजा टाकली. साडेबाराला प्लॉटवर पोचलो, सायकल शेजारच्या अर्धवट भिंतीमागे आडवी केली आणि विटांच्या चळतीआड उकिडवा बसलो, माझ्याच घरावर टपून. ऊन असं की विटांना हात लागत नव्हता. वर हरिचंद्रचं घर टेकाडावर आहे, तिथून माझा स्लॅब ताटासारखा दिसतो. त्या वाटेनं ती येताना दिसली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळलेली, पाय अनवाणी. सत्तरीची तरी असेल. फळ्यांच्या चढणीशी आली, थांबली, एक हात मांडीवर दाबून चढायला लागली. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला तिच्याबद्दल एवढंच वाटलं की सापडली. तिनं वर जाऊन हंडा हळूच कलंडवला. पाणी एकदम न ओतता, बांधाच्या कडेनं, हात आडवा धरून, म्हणजे बांध वाहून जाऊ नये. सिमेंटच्या बांधाला कसली भीती? मग ती वाकून एका बांधाच्या फटीत बोटानं ओला गिलावा दाबत बसली.

"ए बाई! खाली उतरा!" मी ओरडलो. ती दचकली नाही. सावकाश उतरली, चुंबळ हातात घेऊन पिळली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"कोण तुम्ही?"

"सखू. हरिचंद्राची आय." म्हणजे कोरा चौकोन स्वतः चालत आला होता.

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मना कोन पाठवील?"

"मग पाणी कशाला घालता?"

"वाफं सुकलं व्हतं," ती म्हणाली. एवढंच. जसं काही मी वेळ विचारली आणि तिनं सांगितली.

"तुमचं शेत आहे का हे?" मी आवाज चढवला. तिनं स्लॅबकडे बघितलं, मग त्याच्या खाली, जिथे फळ्या आणि टेकू होते तिकडे, मग माझ्याकडे.

"व्हता," ती म्हणाली.

झालं. माझ्या कानात फक्त तेवढं राहिलं. आलं की नाही तोंडातून? मी तिला काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. पोलीस म्हटलं, वकील म्हटलं, पुन्हा पाय ठेवायचा नाही म्हटलं. ती कळशी उचलून निघून गेली. संध्याकाळी पाणी घालून झाल्यावर टेकाडावर हरिचंद्रच्या दारात जाऊन तेच त्याला ऐकवलं. तो नुकता रिक्षा लावून आला होता, बनियनवर होता. आधी त्याला कळेना. मग त्याचा चेहरा बंद झाला. "आय पानी घालते, घालू नको बोलतव तं नाय घालनार. पन वकील कनाला काढता, भाऊ? आमची पन जमीन गेली पायपात, आमी कोनाला पोलीस नाय दाखवला." मी अंगठ्याचं काढलं. तो म्हणाला, "अंगठा? दोन वरसांत तुमी एकदा तरी तिला इचारला? मना इचारता. अंगठा तिचा हाय, माजा हाय का?" मी म्हटलं, ते वकील बघेल. उतरताना मला फार हलकं वाटत होतं. आपण वेळेवर जागे झालो, बापासारखं झोपलो नाही, असं वाटत होतं.

शनिवारी सकाळी वाफे भरले आणि कामाला गेलो तर कंपनीत शटडाऊन लागलेला. सगळा माल दोन दिवसांत उतरवून घ्यायचा, रविवारी रात्रीपर्यंत ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, पगार दुप्पट. दुप्पट म्हटल्यावर माझ्या डोक्यात स्वयंपाकघराच्या लाद्या उभ्या राहिल्या. दोन दिवसांत ओट्यासकट निघत होत्या. बाहेरच्या फोनवरून शेजारच्या दुकानात सुनेत्राला बोलावलं आणि सांगितलं. ती म्हणाली, "मग पाण्याचं काय? मी जाते की. गठ्ठा उद्या देईन." मी म्हटलं, नको, एकटी त्या लोकांत, काल एवढं झालंय. ती म्हणाली, "अहो, कुठले लोक? एक म्हातारी आहे." मी म्हटलं, तुला कळत नाही, तू जायचं नाहीस. आनंदाला निरोप पाठवावा असं एकदा मनात आलं, पण तो रिकाम्या साइटवर एकटा गेला तर उरलेल्या सिमेंटच्या सहा गोण्यांचं काय? दीड-दोन दिवसांनी काय होतंय, असं मी मला सांगितलं. शनिवारी दुपारी ड्रम मोजताना पत्रा हाताला चटका देत होता. रविवारी वाराही नव्हता. मी दोन दिवसांत एकशेबारा ड्रम तपासले, एकाचं झाकण ढिलं होतं, तो परत पाठवला, आणि मॅनेजर म्हणाला, धर्मराज, तुझ्यासारखा माणूस नाही.

सोमवारी सकाळी चढण चढताना पायाखाली कोरडी वाळू करकरली. वाफ्यांचे बांध फुटलेले, आत पांढरी माती झाल्यासारखं. आणि त्या पांढऱ्यावर रेघा. आधी वाटलं कोळ्याचं जाळं वाऱ्यानं येऊन पडलंय. हातानं पुसायला गेलो. पुसलं नाही. रेघा आतून आल्या होत्या, केसाएवढ्या बारीक, एका कोपऱ्यातल्या सळ्यांपासून निघून मधल्या वाफ्यापर्यंत फुटत फुटत गेलेल्या. मी गुडघ्यांवर बसून त्यांच्यावरून नख फिरवलं. नख अडकत होतं. बारा वर्षं. सुनेत्राची निळी बोटं, आईचं दरवाज्यांना टेकणं, न घेतलेला पंखा, सगळं नखाखाली अडकत होतं. मी रडलो, सांगायला काय हरकत आहे? तिथं बघायला कुणी नव्हतं, आणि त्याची व्यवस्था मीच केली होती. आनंदाला बोलावून आणलं. त्यानं थापीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐकला. "पडणार नाही," तो म्हणाला. "पण गळेल. हा कोपरा जन्मभर गळेल. भाऊ, तुम्ही तर रोज येत होता? गुरुवारी मी रस्त्यावरून जाताना दुपारी बघितलं, वाफे भरलेले होते. मी मनात म्हटलं, भाऊंनी चांगला माणूस ठेवलाय."

मी टेकाडावर गेलो. अंगठा मागायला जातोय, असं मी स्वतःला सांगत होतो. आता एवढं नुकसान झालंय तर निदान कागद तरी पुरा करून घ्यावा, असा काहीतरी हिशेब. सखूबाई अंगणात चटईवर चिंचा फोडत बसल्या होत्या. मला बघून हात थांबला, पुन्हा सुरू झाला. मी उभाच राहिलो.

"स्लॅबला भेगा गेल्या," मी म्हटलं.

"आयकला. गवंडी बोलत व्हता वाटेवर."

"चुकलं माझं."

त्यांनी चिंचोके एका बाजूला लोटले. "बांध घातलेला आन् आत पानी नाय, यो मना बगवत नाय," त्या म्हणाल्या. "इथं बसली का डोल्यासमोर तोच. भात असता तं मेला असता."

"तो सिमेंट आहे, सखूबाई."

"सिमेंट तं सिमेंट. बांध घातला का पानी नको?" आवाजात राग होता, पण तो माझ्यावरचा नव्हता, कामात कुचराई करणाऱ्या कुणावरही असावा तसला होता. "हरी बोलला, जाव नको, पोलीस आनतील. दोन दिस म्या तिकडं बगितलाच नाय. मागल्या वाटेनं गेलू पान्याला. लांब परते ती."

एवढंच होतं. मी सगळ्या बाजूंनी ते उघडून बघितलं, वास घेतला, आणि आत दुसरं काही निघालं नाही. भाताच्या शेतात जन्म काढलेली एक बाई टेकाडावरून आठ कोरडे वाफे बघत बसली होती आणि तिला राहवलं नाही. दोन दिवस ती पाण्याला लांबच्या वाटेनं गेली, माझे वाफे दिसू नयेत म्हणून. अंगठ्याचं वाक्य मी घशात तयार ठेवलं होतं. मी ओठांवरून जीभ फिरवली. त्यांना ते दिसलं असावं. गुडघ्यावर हात दाबून उठल्या, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

मी बघत होतो. ती शंका काही मेली नव्हती. आता ही काय करते, तांब्या खाली ठेवते, की वरून ओतते, की हातात देते? स्लॅबवर ओतणं वेगळं, स्लॅबला जात नसते. मी डोळे तांब्यावर ठेवून उभा होतो, आणि सखूबाई माझ्या हातांकडे का बघतायत ते मला कळेना. मग मीही खाली बघितलं. मी वाकलो होतो. माझे दोन्ही हात पुढे झाले होते, कडा जुळवून, बोटं वाकवून, ओंजळ करून. बापाची ओंजळ. कधी केली ते मला समजलंसुद्धा नाही. कॉलेजचं वर्ष, भाषणं, एकोणीस वर्षं सही करणारा हा हात, आणि तो त्या अंगणात भिकाऱ्यासारखा उघडा. हात मागे घ्यावेत तर घेता येईनात.

"तांब्या धर की," सखूबाई म्हणाल्या. तांब्या माझ्यापुढे होता, कडेवर त्यांचा अंगठा, चिंचेनं काळा झालेला, नखाशी चिरलेला. "किती येल उभी ऱ्हाऊ? हंडं वाहून हात दुखतं माजं."

मी तांब्या धरला. तोंडाला लावून प्यालो, सगळा. तेच पाणी होतं, गोड.

आम्ही त्याच वर्षी गणपती बसायच्या आत राहायला गेलो. सखूबाई ब्याण्णवच्या दिवाळीत वारल्या. तोवर आईचं आणि त्यांचं येणंजाणं झालं होतं, चिंचा इकडून तिकडे जायच्या. कोपरा गळतो. पाऊस लागला की सुनेत्रा तिथे बादली ठेवते आणि म्हणते, तुमच्या वकिलाला बोलवा. पंच्याण्णव साल येऊन गेलं, वरचा मजला झाला नाही, सळ्या गंजून लाल झाल्या आहेत. साठेखत ट्रंकेत आहे. बँकेच्या माणसानं मागच्या महिन्यात ते चाळलं आणि बोट ठेवून विचारलं, इथे अंगठा राहिलाय का? मी म्हटलं, हो, राहिला. घरी येताना मला वाटत राहिलं की त्याला खरं सांगायला हवं होतं. चार वर्षं त्या रोज समोर दिसत होत्या. मी मागितला नाही.